विहिरीच्या काठावर कोण बसलंय

हनोई

आई, पाया पडते. मी इथं बरी हाय. चित्राच्या रंगात घालायच्या झाडाच्या कच्च्या चिकानं हातावर पुरळ उठलं होतं, ते इथं शिकणाऱ्या सगळ्यांनाच उठतं. आता उतरलंय. शेळी व्याली का?

घरात फोन स्पीकरवर असतो, सगळी ऐकतात, म्हणून लिहिते. कराडच्या एक बाई उद्या निघतायत, त्यांच्या हाती धाडते.

इथं फळीवर झाडाच्या चिकात रंग कालवून चित्र काढायचं, मग काळा चीक फासून ते पुरतं बुजवायचं. दमट खोलीत वाळलं की पाणी घालून घासत बसायचं. घासंल तसं आतलं चित्र वर येतं. हात जास्त पडला तर आलेलं कायमचं जातं.

मी आपली उंब्रजची विहीर काढली. माणूस एकबी काढला न्हाई. तरी घासताना काठावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं वर आलं. डावा खांदा उतरलेला, आपल्या दादासारखा. गुरुजींनी बघितलं आणि माझ्या वाटीतलं घासायचं पाणी ओतून टाकलं.

मला राहवलं न्हाई. काल परत जरा घासलं. आता त्यानं पाय विहिरीत सोडलेत.

दादाला फोन दे म्हटलं की तू, रानात गेलाय म्हणतेस. रात्रीबी रानातच असतो का गं?

अजून घासलं तर तो पुसला जाईल, म्हणून फळीला हात लावत न्हाई. तू चिठ्ठी वाचली की विहिरीकडं जा. तिथं कुणी बसलं असंल तर हाक मारू नको. मागनं जाऊन दंड धर.

तुझी संयू