चहा टाका जरा

बाबा, तुमची नात मोटारसायकल घेते आहे, आणि गेले पंधरा दिवस माझ्या घरात दुसरा विषय नाही. स्कूटर नको, मोटारसायकलच हवी. का, तर स्कूटरची चाकं लहान, कळंबोलीच्या खड्ड्यांत बसतात. तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्त तपासते. सकाळी सातला हजर व्हायचं असतं, आणि त्या वेळेला रस्त्यावर माणसांपेक्षा लोखंड वाहणारे ट्रेलरच जास्त. मी म्हटलं, शेअर रिक्षाने जा. तर म्हणते, "मम्मी, तू बसून बघ एकदा ड्रायव्हरच्या मांडीवर."

नवी झेपत नाही म्हणून जुनी बघायची ठरली. जुनी कुणाची, तर ह्यांच्या चुलतभावाची, कोन गावच्या माझ्या दिरांची. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला लागला, तेव्हापासून त्याची गाडी बंगल्याच्या पोर्चमध्ये झाकून उभी आहे. मी एवढंच म्हटलं की घेण्याआधी एकदा मिस्त्रीला दाखवू. झालं! जणू मी दिरांच्या घरात पोलीस पाठवत होते. फोनवर म्हणाले, "वयनी, घरची गाडी हाय. तपासाला काय परकी हाय का? उद्या आमच्या घरचं पानी पन उकळून पिनार का तुमी?" आणि पोरगी त्यांच्याच बाजूने. "काकांना वाईट वाटेल मम्मी. आणि मला कळतं गाडीतलं, मी व्हिडिओ बघितलेत." दिवसभर लोकांचं रक्त काचेखाली धरणारी, सख्ख्या आईच्या साखरेवरही तीनदा तपासल्याशिवाय विश्वास न ठेवणारी ही मुलगी, गाडी मात्र रंगावरून पास करते. मी कपाळाला हात लावला.

पण खरं सांगते, तिच्यावर ओरडत होते तरी माझाही पाय अडखळत होता. हे आजारी होते तेव्हा दर आठवड्याला आम्हाला मुंबईला हॉस्पिटलात नेणारे हेच दीर. शेवटच्या दिवशीही गाडीत मागे ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पुढे दीर होते. अशा माणसाच्या दारात मिस्त्री घेऊन जायचं म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. तुमचा सगळा धंदाच त्या लाजेवर चालला होता.

ट्रक टर्मिनलजवळचं तुमचं पत्र्याचं गॅरेज मला आजही वासासकट आठवतं. शाळा सातवीनंतर सुटली, पण माझं खरं वाचन तिथेच झालं. पुड्या बांधून आलेले वर्तमानपत्रांचे तुकडे, पार्टच्या खोक्यांवरची अक्षरं, गाड्यांची कागदपत्रं. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, म्हणून चेसिसच्या नंबरावर कागद धरून मी पेन्सिल घासायचे आणि उमटलेला आकडा गाडीच्या आरसी पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघायचे. तुमची पत्रंही मीच वाचून दाखवायचे. आत्याच्या पत्रात टोमणा असला की ती ओळ मी गाळायचे. तुम्ही खाली बघत विचारायचात, "एवढंच लिवलाय काय गं, बाय?" मी म्हणायचे, एवढंच.

कुणी जुनी गाडी घेणार असलं की तुम्हाला बोलावणं यायचं. तुम्ही आधी इंजिनला हात लावायचात. गार आहे ना, की मालकाने पाहुणे येण्याआधीच सुरू करून गरम करून ठेवली आहे? मग मागे जाऊन एक डोळा मिटून दोन्ही चाकं एका ओळीत आहेत का ते बघायचात. हे सगळं तोंडातून शब्द न काढता. कारण गाडी विकणारा कुणाचा तरी साडू, कुणाचा तरी व्याही असायचाच. त्याच्या अंगणात त्याच्या गाडीला नाव ठेवणार कसं? म्हणून तुम्ही आणि तुमच्या भागीदार मिस्त्रीचाचांनी खूण ठरवली होती. गाडी चांगली असली की हात पुसून निघायचं, चहालाही थांबायचं नाही. गाडीत खोट असली की घरातल्या बाईला म्हणायचं, "चहा टाका जरा." घेणाऱ्याला आधी सांगून ठेवलेलं असायचं. तो चहा प्यायचा, घरी विचार करून सांगतो म्हणायचा आणि पुन्हा यायचा नाही. कुणाचं नातं तुटलं नाही, कुणाचं हाड मोडलं नाही. मला लहानपणी वाटायचं, माझ्या बापासारखा हुशार माणूस पनवेल तालुक्यात नाही.

आणि मग मोऱ्याचा, मामाच्या गावचा, तो दिवस. ह्यांना कामावर जायला गाडी हवी होती आणि माझा मामा त्याची विकत होता. मामा म्हणजे तुमचा मेहुणा. आईच्या माहेरची गाडी, तिला काय बघायचं, असं तुम्हीच आधी म्हणालात, म्हणून जावयाला खूण सांगितलीच नाही. तरी सवयीने तुम्ही इंजिनला हात लावलात, मागे जाऊन एक डोळा मिटलात. आत मी आणि मामी नारळ सोलत होतो, गाडीसमोर फोडायला. बाहेरून तुमचा आवाज आला, "वयनी, चहा टाका जरा."

गाडी त्याच दिवशी घरी आली. चौथ्या महिन्यात उरणच्या रस्त्यावर वळणावर पुढचा सांधा तुटला आणि ह्यांच्या पायात सळी बसवावी लागली. मरेपर्यंत ते त्या पायाने लंगडत चालले. एकदाही कुणाला बोलले नाहीत, तुम्हालाही नाही. बोलले ते मी. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, आईसमोर, सासूसमोर. "मिस्त्री म्हणवता आणि लेकीच्या वेळेला मूग गिळून बसलात?" तुम्ही टोपी हातात धरून उभे होतात. हळूच म्हणालात, "चहा मागितला होता गं, बाय." मी म्हटलं, "मी आत होते. मला नाही ऐकू आलं."

त्यानंतर तुम्ही कुणाची गाडी तपासायला गेला नाहीत. बोलावणं आलं की चाचांना पाठवायचात. पुढे तीन-चार वर्षांत गेलातच.

तर गेल्या रविवारी मी त्याच चाचांना घेऊन कोनला गेले. आता सत्तरीच्या पुढे आहेत, चष्म्याला दोरी आहे, पण रिक्षातून उतरताना मला हात लावू दिला नाही. पोरगी रस्ताभर तोंड फुगवून. दिरांनी दारातच टोला मारला, "या चाचा, एक्सरे मशीन नाय आनली का?" चाचा हसले. म्हणाले, "आमचा एक्सरा बोटांतच हाय, शेठ." मग त्यांनी इंजिनला हात लावला. पेन्सिल आणि कागद मीच नेला होता. गुडघ्यावर बसून मी नंबर उमटवला, मोठ्याने वाचला. बरोबर होता. दीर म्हणाले, "बघा! आता तरी पेढे आनू का?" चाचा मात्र हँडलखाली वाकले होते. बोट फिरवून पुन्हा तिथेच आले. मागे गेले. एक डोळा मिटला.

चाचा रुमालाने हात पुसत जावेला म्हणाले, "भाभी, चहा टाका जरा."

जाऊ आनंदाने आत वळली. पोरगी काकांना विचारते आहे की नावावर करायला कधी जायचं. दीर किल्ली शोधताहेत. सगळं तसंच, बाबा. हसणारी माणसं आणि आत पेटणारा गॅस. मला चाचांचा राग आला, तुमचा आला, ह्या आपल्या गोड गोड भिडेचा असा संताप आला की मी पोर्चमध्ये उभी राहून ओरडलेच. "चहा नको! चाचा, गाडीत काय आहे ते तोंडाने सांगा."

चाचांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मशिदीत शिट्टी मारली. मग म्हणाले, "बेटी, हँडलच्या खाली चेसिसला वेल्डिंग हाय. वरून रंग दिलाय. गाडी मोठी आपटलेली हाय."

दीर म्हणाले, "मला नाय म्हाईत." आतून जाऊ म्हणाली, "माईत नाय कसा? पोरगा पडला तवा तुमीच नेली ना कलंबोलीला जोडाला! मी बोलली होती, वयनीला सांगा." पोरगी हँडलखाली वाकली, तिनेही बोट फिरवलं, आणि बराच वेळ तिथून बोट काढलं नाही. जावेने शेवटी चहा आणलाच. आम्ही चौघे तो उभ्यानेच प्यायलो. दिरांनी घेतला नाही.

दिरांनी त्या दिवसापासून फोन केलेला नाही. करतील, किंवा नाही करणार. मला त्यांची आठवण येते, आणि रागही. पोरगी काल म्हणाली, "मम्मी, काका वाईट नाहीत गं. त्यांना फक्त सांगता आलं नाही." मी पोळी लाटत राहिले. ती आता खारघरला दुसरी गाडी बघते आहे. विकणारा अनोळखी आहे म्हणून निदान तपासायला तरी लाजणार नाही. पुन्हा तोच विषय, पुन्हा तेच व्हिडिओ!

हे पत्र कुठे पाठवायचं? आणि मिळालं असतं तरी तुम्हाला ते वाचून दाखवायला मीच यावं लागलं असतं. मोऱ्याला मला ऐकू आलं होतं, बाबा. खूण मला ठाऊक होती. पण सासरी रोज विचारायचे, माहेरून काय आलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या माहेरची वस्तू हार घालून दारात उभी राहणार होती. मामीच्या हातून चहाचा डबा मी घेतला, पाच कप पाणी मोजलं आणि गप्प राहिले.

वाचून दाखवताना हीच ओळ मी गाळली असती. तुम्ही खाली बघत विचारलं असतंत, एवढंच लिवलाय काय गं, बाय? आणि मी म्हटलं असतं, एवढंच.