पालखीपुढे घेतलेलं नाव

खालची वाडी, देवरूख
२३ मार्च १९८४

सखूच्या बाबांना चंपाचा नमस्कार.

तुमचं खुशालीचं कार्ड मिळालं. आम्हीही बऱ्या आहोत. सखूचा खोकला गेला. म्हैस व्याली, रेडी झाली. पालखीला तुमच्या जागी तुमच्या चुलतभावाने खांदा दिला.

रजा नाही म्हणून शिमग्याला येत नाही, असं तुम्ही लिहिलंत. मी सगळ्यांना तेच सांगितलं.

पण सखारामभाऊजी आले होते. तुमच्याबरोबर रंगकामाला असतात, आणि त्यांना खोटं बोलता येत नाही. चहा दिला तर नुसते कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, "वैनी, महिपतशेटनं त्याला पाच महिन्यांची मजुरी दिलेली नाय. एसटीला पैसे नव्हते, म्हणून आला नाय."

त्या दिवशी चुलीवरचा भात करपला तरी मला कळलं नाही.

महिपतशेट सणाला गावातच होते. मी वरच्या वाडीत त्यांच्या घरी गेले. तुम्हाला न विचारता गेले, रागवायचं तर रागवा. ते म्हणाले, "हिशोब मुंबईत होतो. आणि तुझ्या नवऱ्यानं कधी मागितलीच नाय मजुरी!"

ते खरं असणार, हे मला तिथेच कळलं. आपल्या लग्नाच्या पंगतीत तुम्हाला दुसऱ्यांदा भात मागवेना, मीच वाढप्याला खुणावलं होतं. त्यातून शेटनी तुम्हाला मुंबईत कामाला लावलेलं, तुमची जीभ कशी उचलणार! मी म्हटलं, "ते मागत नाहीत, म्हणून मी मागते." ते हसले आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात पालखी आली. महिपतला नवी कामं मिळू देत, असं गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. सगळे "होय महाराजा" म्हणाले. मग मी पुढे झाले. तुमचं नाव घ्यावं लागलं हो, उखाणा नाही, काही नाही, अख्ख्या गावासमोर! म्हटलं, "देवा, राजारामांनी पाच महिने ह्यांच्याकडे राबून काम केलंय. त्यांची मजुरी त्यांना मिळू दे."

सगळे शेटकडे बघायला लागले. शेट जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात त्यांची म्हातारी आई, गोदामावशी, मोठ्याने म्हणाली, "होय महाराजा!" मग सगळेच म्हणाले.

संध्याकाळी शेट स्वतः आपल्या घरी आले. अर्धी मजुरी रोख दिली. बाकीची पाडव्यापर्यंत देतो, असं सखारामभाऊजींसमोर लिहून दिलं.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते लिहिते. तुम्ही तिकडे एकच वेळ जेवत होता, हेही सखारामभाऊजींनीच सांगितलं. कार्डावर मात्र दर खेपेला 'मजेत आहे'. ते कार्ड मी सखूला वाचून दाखवायची, ती खूश व्हायची. हे मला फार लागलं. माझ्यापाशी कसली लाज धरलीत? रिकाम्या हाताने आला असतात तर दार लावलं असतं का मी?

शंभर रुपयांची मनिऑर्डर केली आहे. आधी पोटभर जेवा, मग तिकीट काढा. आम्हाला काही आणू नका. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी सखूला घेऊन स्टँडवर येते. मुंबईच्या शेवटच्या गाडीपर्यंत आम्ही थांबू.

तुमच्यावर रागावलेली आणि तुमचीच,
चंपा