पितळी पट्टीवरचे नाव

मी, व्हर्जिल हॅस्केट, वय वर्षे शहाऐंशी, उभा जन्म लेथवर काढून निवृत्त झालेला, राहणार लँकेस्टर, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र माझ्या गॅरेजमधल्या कामाच्या टेबलावर स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला वार, महिना आणि शंभरपासून उलटे आकडे विचारले. ते मी बरोबर सांगितले, आणि तुमच्या गाडीच्या पंख्याचा पट्टा किंचाळतो, तो बदलून घ्या, हेही सांगितले. डोळ्यांचे मात्र त्यांना काही करता आले नाही. मार्चमध्ये माझा गाडी चालवण्याचा परवाना गेला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. एवढ्या चार ओळी लिहिताना मी दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकणारी माणसे बहुतेक वारली.

यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतली तीन याच आठवड्यात फाडली. पहिल्या तीन कलमांपर्यंत गाडी बरी धावते. दरवेळी घोडे चौथ्या कलमाशी अडते.

कलम पहिले. राहते घर आणि बँकेत असेल ते सर्व माझी मुलगी कोरली हिला. ती घर विकणार हे मला ठाऊक आहे, खुशाल विकावे. गॅरेजच्या जमिनीवरचे तेलाचे डाग घासायला मात्र माणूस लावू नये. तिच्या आईने, म्हणजे माझी बायको ज्युएल हिने, ते तीस वर्षे घासले. डाग अजून आहेत आणि ज्युएल जाऊन अकरा वर्षे झाली. मला त्या डागांकडे बघून तिची आठवण येते, हेही इथे लिहून ठेवतो.

कलम दुसरे. लेथ, पाने, हातोड्या आणि भिंतीवर टांगलेले सगळे माझे शेजारी रेफुजिओ ओचोआ यांना. उसने नेलेले हत्यार पुसून परत आणून देणारा एवढा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. त्यांना मी खरे तर साक्षीदार नेमणार होतो, पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला सही करू नये असे म्हणतात. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग सही राहू द्या म्हातारबुवा, लेथ द्या."

कलम तिसरे. 'डस्ट हाउंड्स' या आमच्या गाड्या पळवणाऱ्यांच्या क्लबला माझे जाकीट. क्लबचे अध्यक्ष नॉर्बर्ट टली यांना खिडकीतली काचेची बरणी, आतल्या नटांसह. सन १९६८ मध्ये टलींनी चारचौघांत माझ्यावर आळ घेतला होता की त्यांच्या इंजिनाचे नट मी उचलले. मी तेव्हा फार संतापलो होतो. नट मीच उचलले होते. मोजून घ्यावेत.

टली गेले दोन महिने माझ्यामागे लागले आहेत. येत्या शनिवारी, बारा ऑक्टोबरला, क्लबच्या नव्या सभागृहाचे उद्घाटन आहे. दर्शनी भिंतीवर माझ्या गाडीचा फोटो, आणि खाली अक्षरे, की सव्वाशे मैलांचा वेग ओलांडणारा क्लबचा पहिला चालक व्हर्जिल हॅस्केट. माझ्या पश्चात गाडीही त्यांनाच हवी आहे. "दोरी लावून ठेवू, कोणी हात लावणार नाही," असे ते मला आनंदाने सांगत होते.

कलम चौथे. माझी सन बत्तीसची फोर्ड, दोन माणसांची, पुढचेमागचे मडगार्ड काढलेली, छत चार इंच कापून खाली बसवलेली. ही कोणाची, हे नीट समजण्यासाठी मागचे थोडे सांगणे भाग आहे.

ही गाडी आम्हाला एका कोंबडीवाल्याच्या शेतात सापडली. आम्हाला म्हणजे मला आणि माझी बहीण ओलेटा हिला. ती माझ्याहून वर्षाने लहान. कोंबड्या गाडीत राहायच्या. त्याचे जुने खुराडे आम्ही दोघांनी पाडून द्यायचे आणि गाडी ओढून न्यायची, असा सौदा ठरला. खुराडे पाडायला पूर्ण उन्हाळा गेला. गाडी घरी आणल्यावरही आठवडाभर सीटखालून अंडी निघत होती आणि ओलेटा ती आईकडे नेऊन देत होती. इंजिन आम्ही दोघांनी उघडले, दोघांनी बसवले. तिची बोटे बारीक, माझी जिथे शिरत नसत तिथे तिची जात. कागदावर नाव माझे लागले, कारण मी मुलगा होतो. दुसरे काही कारण तेव्हा लागत नसे.

त्या गाडीने मी काय काय केले ते कोरलीला कधी सांगितले नाही. वडील झोपले की धक्का मारत गाडी रस्त्यापर्यंत न्यायची आणि मग सुरू करायची. ओलेटा शेजारी बसून घड्याळ धरायची आणि दर मैलाला ओरडायची, "म्हातारा चालवतो तशी काय चालवतोस रे?" आज मी म्हातारा आहे आणि मला चालवूच देत नाहीत.

जुलै १९५३. एल मिराजच्या कोरड्या तलावावर वेग मोजण्याचा दिवस होता. त्या काळी कुठल्याच क्लबात बाईमाणसाला तिथे चालवू देत नसत; बायकांनी ट्रकमध्ये बसून सँडविच करावेत अशी पद्धत होती. आमचा नंबर यायला पाऊण तास होता आणि मी घाईत तापल्या रेडिएटरचे झाकण उघडले. शहाणा माणूस असे करत नाही. उजवा हात मनगटापर्यंत भाजला. नंबर हुकला की पुन्हा महिनाभर थांबायचे. मी रडकुंडीला आलो होतो. ओलेटाने ट्रकच्या आड नेऊन माझा पांढरा डगला मागितला.

"वेडी आहेस का? ओळखतील."

"चष्मा आहे, टोपी आहे, तोंडाला फडकं आहे. धुळीत आपली आईसुद्धा ओळखणार नाही. काढ लवकर."

ती निघाली. मी ट्रक घेऊन धुळीतून मागे गेलो आणि पलीकडच्या टोकाला पोहोचून आम्ही कपडे बदलले. ती एवढेच म्हणाली, "सरळ गेली." आकडा आला ताशी एकशे अठ्ठावीस पूर्णांक चौतीस मैल. हात नंतर भाजला असे मी सगळ्यांना सांगितले.

महिन्याने वेग मोजणाऱ्या मंडळाकडून पितळी पट्टी आली. वेग, तारीख आणि नाव. अशी पट्टी डॅशबोर्डवर ठोकून ठेवायची असते. आमच्यात माणसाची किंमत तिच्यावरून होते. नाव माझे होते. ओलेटा हसली. मीही हसलो. पुढे लेथवरची नोकरी मला त्या पट्टीकडे बघून मिळाली. ज्युएल पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा तिने ती बोटाने पुसली. मग मला खरे सांगायला वेळच सापडेना.

त्यानंतर एकवीस वर्षे मी त्या आकड्यामागे धावलो. कॅमशाफ्ट बदलले, कार्ब्युरेटर दोनाचे तीन केले, काही काळ सीट काढून पत्र्यावर बसलो. एकशे सव्वीसच्या वर गाडी गेली नाही. अडचण ठाऊक होती: पूर्ण जोरात असताना टॉप गिअर निसटायचा. गिअरचा दांडा उजव्या हाताने मागे दाबून धरावा लागे, मग स्टिअरिंगला एकच हात उरे. भुसभुशीत जागा आली, गाडी डुलली, की पाय आपोआप सैल व्हायचा. ओलेटाने तो दांडा कसा सांभाळला, हे मी तिला कधी विचारले नाही. विचारले असते तर गाडी तिने चालवली होती हे मोठ्याने म्हणावे लागले असते. सीटखालच्या लोखंडी दांडीवर रंग खरवडल्याची एक खूण होती, ती मी दोनदा रंगवली. कशाची ते कळले नाही.

सन १९७४ मध्ये क्लबांनी बायकांना चालवू द्यायचे ठरवले. मी तेव्हा आमच्या क्लबचा अध्यक्ष होतो. ओलेटा सभेला आली, चांगला कोट घालून, अर्ज हातात घेऊन. कोणीतरी विचारले, "बाई, आधी कधी काही जोरात चालवलंय का?" तिने माझ्याकडे बघितले. "ह्याला विचारा."

पंचवीस माणसे माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "चालवायची ना. ट्रॅक्टर."

सगळे हसले. ओलेटाने कॉफीचा कप टेबलावर ठेवला. "हो," ती म्हणाली, "ट्रॅक्टरच." अर्जाची घडी करून पर्समध्ये घातली आणि गेली. त्याला पंचेचाळीस वर्षे झाली. ती बार्स्टोला राहते, इथून दोन तासांवर. ना ती आली, ना मी गेलो. तिने तोंड उघडले असते तर मी त्याच दिवशी उघडा पडलो असतो. तिने उघडले नाही. मला लाज वाटते. हे वाक्य आधीच्या तिन्ही मृत्युपत्रांत लिहायचे राहिले होते.

सबब चौथे कलम असे: गाडी माझ्या पश्चात माझी बहीण ओलेटा हिला, पट्टीसह. पट्टीवरचे माझे नाव मी कानशीने घासून काढले आहे आणि तिचे नाव एकेक अक्षर ठोकून उठवले आहे. भिंतीवरच्या फोटोखालीही तिचेच नाव लागावे. तिने गाडी नाकारली तर काय करावे हे मला सुचत नाही. ती जागा कोरी सोडतो.

सोमवारी मी तिला फोन केला.

"कोण?"

"व्हर्जिल."

तिकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला. मग, "कोण गेलं?"

"कोणी नाही. अजून तरी."

"मग?"

"गाडीचं बोलायचं होतं."

"गुरुवारी येते. जेवायला काही करू नकोस. तुझ्या हातचे बीन्स मी अजून विसरले नाही."

आज गुरुवार आहे. सकाळपासून रस्त्यावर कोणतेही इंजिन वाजले की मी उठतो. टपालाची गाडी, कचऱ्याची गाडी, ओचोआंचा जावई. दार उघडायचे, बघायचे, परत बसायचे. ती नाही आली तर शनिवारी मला तिथे जाऊन हे एकट्याने सांगावे लागेल, आणि मी सांगेनच अशी खात्री मला माझीच देता येत नाही. म्हणून कागदावर घातले आहे. इथपर्यंतचा मजकूर दुपारी एक वाजता पुरा झाला.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी साडेतीन.

ओलेटा आली. पंच्याऐंशी वर्षांची, काठी टेकत, पण गाडी स्वतः चालवत. हिचा परवाना शाबूत आहे. मी वरचे कागद पुढे केले. तिने ते उभ्यानेच वाचले, चष्मा वर सरकवून. मग गॅरेजमध्ये जाऊन वाकून पट्टी बघितली.

"अक्षरं वाकडी आलीयेत."

"डोळे गेलेत माझे."

"ते चौऱ्याहत्तरमध्येच गेले होते."

मी म्हणालो, "चुकलो मी, ओलेटा." सीटखाली हात घालून तिने ती दांडी चाचपली, खूण होती तिथे बरोबर थांबली आणि हसायला लागली.

"गिअर कसा धरलास, हे तुला सहासष्ट वर्षांत विचारावंसं वाटलं नाही?"

"कसा धरलास?"

"धरला कुठे? कमरेचा पट्टा काढला, दांड्याला गुंडाळला आणि सीटच्या दांडीला बकलाने आवळला. दोन्ही हात मोकळे. तू येईपर्यंत सोडून परत घातलासुद्धा."

मी एकवीस वर्षे इंजिन बदलत होतो. मला स्टुलावर बसावे लागले, आणि मार्चनंतर पहिल्यांदाच काही वेळ मी बसून राहिलो.

मग मी कसेबसे म्हणालो, की गाडी नको असेल तर निदान मी खरे लिहिले याची साक्षीदार म्हणून सही कर. तिने माझ्याकडे असे बघितले, जसे ती मैल मोजताना बघायची.

"साक्षीदार दुसरे शोध. मला गाडी पाहिजे. आणि तुझ्या पश्चात वगैरे नको. मी पंच्याऐंशीची आहे, तुझी वाट किती बघू? किल्ली आण."

"आत्ता?"

"शनिवारी ह्याच गाडीतून जायचंय आपल्याला. त्याआधी हात नको बसवायला? चालवीन मी. टलीसमोर बोलायचं मात्र तू. सगळं. ट्रॅक्टरसकट."

सबब वरील चौथे कलम मी समोरची शेजारीण आणि परतीच्या फेरीवरची टपालवाली अशा दोन्ही साक्षीदारांदेखत आडवी रेघ मारून रद्द करत आहे. ती गाडी आजपासून माझी मालमत्ता नाही आणि जे आपले नाही ते कोणी मृत्युपत्रात देऊ शकत नाही. गाडीचे कागद आणि किल्ली दोन्ही तिच्या हाती दिली. बाकीची कलमे कायम. टलींच्या बरणीसकट.

सही वाकडी आली आहे, तिचा संबंध कोणी माझ्या डोक्याशी जोडू नये. ओलेटाने बाहेर इंजिन सुरू केले आहे आणि हॉर्न वाजवते आहे. टॉप गिअर अजूनही निसटतो, म्हणून तिने माझ्या कमरेचा पट्टा मागून नेला आहे, आणि मी एका हाताने पँट धरून हे लिहीत आहे.

ठिकाण: लँकेस्टर. दिनांक: १० ऑक्टोबर २०१९.

(सही) व्हर्जिल हॅस्केट

वरील सही आणि चौथ्या कलमावरची रेघ आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत झाली. यातले आम्हाला काही मिळणार नाही.

(सही) हात्सुको नोमुरा, समोरच्या घरात राहणारी
(सही) डेल्फिन पर्सेल, टपाल वाटप. गाडी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाताना आम्ही पाहिली. म्हातारेबुवा शेजारी बसले होते आणि हातात घड्याळ धरून ओरडत होते.