सखाराम सुताराची मापकाठी

१२ फेब्रुवारी १९५६, केळझर
सखारामचा तेलघाणा पाहायला विद्यापीठाचे प्राध्यापक जीपनं आले. वर्तमानपत्रातलं माझं वार्तापत्र वाचून. म्हणजे पाप माझंच. इतर घाण्यांना दोन बैल, याला एकच पुरतो. प्राध्यापक खूश. "नकाशा कुठाय?"
सखाराम हसला. "नकाशा कायले लागते साहेब? काठी हाय नं."
सागवानी मापकाठी. उखळाची खोली, त्यात फिरणाऱ्या लाटेचा उतार, सगळं खाचांत. कागदाला हात नाही.
तपासायला घाणा नि काठी दोन्ही हवीत, प्राध्यापक म्हणाले. देशाच्या उपयोगी पडेल. सखारामनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.
"गुरुजी म्हणते तं न्या."

२० जून, वर्धा
काठी परत मागणाऱ्या माझ्या तिसऱ्या पत्राला विद्यापीठाचं उत्तर: विषय विचाराधीन. विचार करणाऱ्यांना उदंड आयुष्य. तिकडे केळझरला सखारामच्या खोकल्यातून रक्त पडतं. जावई विद्या शिकायला येऊन बसलाय, पण काठीवाचून दुसरा घाणा होत नाही. सखारामची बायको मथुराबाई: "छापाची मोठी घाई होती, गुरुजी. आता काऊन गप?"

४ जुलै
विद्यापीठात जाऊन आलो. घाणा उभा चिरून व्हरांड्यात टाकलेला, वर नंबर. उखळ पावसानं फाकलंय, माप घेण्याजोगं नाही. काठी? सहायकानं कौतुकानं काचेची बशी पुढे केली. तीत काठीचे उरले ते पातळ काप. काठी कोणत्या लाकडाची ते तपासलं म्हणे. निष्कर्ष: सागवान. न्यायशास्त्रात सिद्धसाधन, म्हणजे ठाऊक तेच सिद्ध करणं, हा दोष. इथे तो अहवाल.
"खाचा उतरवून घेतल्या?"
"कोणत्या खाचा?"

५ जुलै, केळझर
सांगितलं. सखाराम आढ्याकडे बघतच म्हणाला,
"सागवानच व्हय. मले इचारलं असतं तं…" खोकला. मथुराबाईनं तोंड फिरवलं.
मग तोच: "लिवा गुरुजी. जमन तेवढं सांगतो."

९ जुलै, केळझर
तोंडानं सांगता येत नाही त्याला. अंथरुणावर पडून हवेत हात फिरवतो, "असा नं, असा," नि मी ते अंतर पट्टीनं मोजतो. जन्मभर भाष्यं वाचली. हा हवेतला ग्रंथ लागता लागत नाही. चार दिवसांत खोली नि लाटेची लांबी मिळाली. उतार राहिलाय. त्याच्याविना घाणा म्हणजे नुसता ओंडका, असं जावई म्हणतो, नि खरं तेच म्हणतो.
आज हात उचलला, अर्ध्यातच खाली आला. डोळे मिटले. श्वास आहे.
"बसा," मथुराबाई म्हणाली. "उठले तं उतार सांगतीन ते."
कागद मांडीवर. बसलो आहे.