कुंदाचा गंधार आणि माझे कान

७ जानेवारी
कानाच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. डावा ठीक. उजवा वरच्या आवाजांना बहिरा होत चाललाय. "वयाप्रमाणे आहे," म्हणाल्या. अठ्ठावन्न म्हणजे वय का? यंत्र लावा म्हणाल्या. लावीन, माणसांशी बोलायला. गाण्याचं काय, विचारलं. "तुम्ही गाता?" नाही. ऐकते. यावर त्यांना पुढे काही विचारायचं नव्हतं.

घरी विलासला सांगितलं. धाकटा भाऊ, पण मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून थोरला असल्यासारखा वागतो. म्हणाला, "ताई, आता ते गाणंबिणं कमी कर. कानाला आराम दे." कान म्हणजे काय गुडघा आहे?

९ जानेवारी
दादरहून कुंदाचा फोन. तिचं रेकॉर्डिंग झालं, परळच्या स्टुडिओत. राग दरबारी. बासष्टाव्या वर्षी पहिलं स्वतःचं. आयुष्यभर क्लास घेतले, दुसऱ्यांच्या मुली तयार केल्या. "बाहेर जायच्या आधी तू ऐक, शालू." कॉलेजपासून असंच. तिचं गाणं आधी माझ्या कानावरून जातं, मग लोकांच्या.

कानाचं सांगितलं. लगेच, "डावा आहे ना?" म्हणून मला ती आवडते.

मागून तिच्या मुलाचा, निखिलचा आवाज: "मावशीला कशाला त्रास? स्टुडिओतला माझा मित्र बघतोय ना सगळं."

त्रास. बरं.

चांगले हेडफोन घ्यायचे. ठरलं.

१२ जानेवारी
लॅमिंग्टन रोड. नको म्हटलं तरी विलास सोबत. सेल्समन सगळं त्याच्याकडे बघून बोलतो. "सर, मॅडम को भजन के लिए चाहिए ना? ये हलका है." म्हटलं, भजन नाही, आणि ऐकणार मी आहे, सर नाहीत.

त्याने आधी सगळ्यात महाग चढवले. कसलं तरी इंग्रजी गाणं, छातीत धम धम. म्हटलं, माझ्या फोनमधलं लाव. कुंदाची एक जुनी बैठक आहे, मला जागा न् जागा पाठ. महागड्यात कुंदा मधात बुडवून काढल्यासारखी. अशी ती कधीच नव्हती. मग मधल्या किमतीचे, मागून जाळी असलेले. त्यात तिचा घसा होता, तबलजी मांडी बदलतो तेही होतं. "इसमें बेस कम है, मॅडम." असू दे. मला कुंदा हवी.

वि. म्हणाला, "या जाळीतून बाहेरचं सगळं तुला ऐकू येणार, आणि तुझं आम्हाला." खरं आहे. बंद पाठीचे पण लावून बघितले. शांतता होती, पण गाणं डब्यात घालून झाकण लावल्यासारखं. जाळीचेच घेतले.

किंमत इथे लिहीत नाही. वि. वाचतो.

१३ जानेवारी
पहिला दिवस वाया. फोनला थेट जोडले तर आवाज मरतुकडा. दुकानात विचारलं तर म्हणे यांना जोर द्यायला वेगळी डबी लागते. हे काल नाही सांगितलं. परत गेले, एकटी. आज माझ्याकडे बघून बोलला.

डबीने जीव आला. पण चष्म्याच्या काड्या गादीखाली येतात, फट राहते, खर्ज गळतो. चष्मा काढून ऐकायचं. अंबाडाही मानेवर उतरवला, वरची पट्टी नीट बसेना म्हणून. आरशात बघितलं. विमान चालवणारी बाई.

१५ जानेवारी
आवाज किती ठेवायचा, परवाच डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं होतं. कमीच ठेवा, ऐकू येत नाही म्हणून वाढवत नेऊ नका. डबीच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका लावला. त्याच्यापुढे जायचं नाही. दोन दिवस सगळं दूर वाटत होतं, आज कान आपण होऊन पुढे सरकले.

शेजारी टॉवरचं पायलिंग, दिवसभर जमिनीत खांब ठोकणं. ते लोक जेवायला बसतात तेवढीच आपली मैफल.

निखिलने दरबारी व्हॉट्सॲपवर पाठवला. चेपलेला, कडा गेलेल्या. मूळ फाइल मागितली. "मावशी, सेमच असतं." सेम असेल तर पाठवायला हरकत काय? संध्याकाळी आली.

१६ जानेवारी
ऐकला. दोनदा.

आलाप सुरेख. पण गंधार...

दरबारीचा गंधार, तो कोमल ग, हलतो. झोका घेतो, आंदोलन म्हणतात ते. तो सरळ उभा राहिला तर दरबारी कसला? कुंदाचा तर असा झुलायचा की मान आपोआप डोलायची. इथे प्रत्येक वेळी खिळा ठोकल्यासारखा सरळ. आणि उजवीकडचा तंबोरा मंद, धूळ बसल्यासारखा.

की माझेच कान?

१७ जानेवारी
हेडफोन उलटे घातले. उजवा डाव्या कानावर, डावा उजव्यावर. तंबोरा लगेच लखलखला. म्हणजे तंबोऱ्याची तक्रार माझी, रेकॉर्डिंगची नाही. खोडली. वाईट वाटलं, लिहून ठेवते.

मग फक्त डाव्या, चांगल्या कानाने गंधार ऐकला. सरळ. उलटे घालून ऐकला. सरळच. शेवटी तिची जुनी बैठक लावली, त्याच ठिपक्यावर. गंधार झुलतोय, दोन्ही कानांत.

डॉक्टरबाईंना पुन्हा फोन. कंटाळल्या असतील. त्या म्हणाल्या, तुमचं नुकसान बरंच वरच्या आवाजांचं आहे, बाईमाणसाचा गाण्यातला सूर त्याच्या खाली राहतो, तो तुम्हाला नीट कळायला हवा.

कळतोय.

१९ जानेवारी
दादर. निखिललाच गाठलं, कुंदा क्लासवर होती. म्हटलं, गंधार कोणीतरी कॉम्प्युटरवर सरळ केलाय. हसला. "मावशी, राग मानू नका, पण ज्याला तीस वर्षांचे कान आहेत त्याने मिक्स केलंय."

"त्याला दरबारी माहितीय?"

"त्याला साउंड माहितीय."

"तंबोऱ्याबद्दल मी चुकले होते, ते माझं मी शोधलं. गंधाराबद्दल नाही चुकले."

"रिपोर्ट तर तुमचाच आहे ना, कानाचा?"

उठले. चहा तसाच. जिना न थांबता उतरले. रागाने. दुसऱ्या कशाने नाही.

विलासला सांगितलं तर पेपर खाली ठेवून म्हणाला, "तो असं बोलला तुला?" मग, "चल, कॉफी करतो." हे नवीन.

२२ जानेवारी
कुंदा आली. जिने चढून धापा. निखिलने सांगितलंच होतं. म्हटलं, काही बोलू नकोस, बस. चष्मा काढायला लावला, हेडफोन घातले. आधी जुनी बैठक, मग नवा दरबारी.

डोळे मिटून ऐकत होती. संपलं तरी काढेना.

"छान आहेत गं हे," म्हणाली.

"गंधार?"

"कळला."

"निखिलच्या मित्राने न विचारता..."

"मी सांगितलं त्याला."

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हल्ली मी हलवत नाही, शालू. तो हलतो. मी धरायला जाते आणि तो भलतीकडे थरथरतो. आंदोलन नाही ते, म्हातारपण आहे. लोकांनी ते ऐकायचं? मी म्हटलं, झाकून टाक. त्याने सगळाच पुसला. निखिलला यातलं काही माहीत नाही."

"मग मला कशाला दिलंस ऐकायला?"

"वाटलं, तुला आता नाही कळणार."

हे ती बोलली. इतक्या वर्षांनी. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून.

म्हटलं, "मला कळलं. आणि ऐक. थरथरणारा गंधार तुझा आहे. हा कोणाचा?"

"तुला सोपं आहे. तुला लोकांसमोर बसायचं नाही."

"मी बहिरी होत चाललेय आणि सगळ्यांना सांगत फिरतेय. सोपं?"

चष्मा घातला, पर्स घेतली, गेली. जिन्यात सावकाश उतरल्याचा आवाज. पायलिंग सुरू झालं.

२५ जानेवारी
फोन नाही. मीही नाही केला. माझं चुकलं नाही.

यंत्र बसवून घेतलं उजव्या कानात. भाजीवाल्याचं कुजबुजणंही ऐकू येतं. गाण्याच्या वेळी काढून ठेवते. नंदा, विलासची बायको, म्हणाली, "ताई, मला ऐकवा ना तुमचं ते." तिला कुंदाची जुनी बैठक लावून दिली. हातात लसूण तसाच, सोलायची थांबली. "गाताना ह्या बाई मध्ये श्वास घेतात ते पण ऐकू येतंय," म्हणाली.

होय. घेतात.

२८ जानेवारी
निखिलकडून फाइल. सोबत एकही शब्द नाही. मूळ गाणं, काही न पुसलेलं. आईने पाठवायला लावलं असणार.

पायलिंगवाले जेवायला बसेपर्यंत थांबले. ऐकलं.

तीन-चार ठिकाणी गंधार खरंच सुटलाय. ती खोटं बोलत नव्हती. एका ठिकाणी तर कान आखडून घ्यावा असा. पण बाकी सगळीकडे, देवा, बाकी सगळीकडे... त्या सुटलेल्या जागेनंतर ती ज्या तऱ्हेने पुन्हा सावरून षड्जावर येते ते बासष्टाच्या आधी कोणाला जमणार नाही.

तिला तसंच्या तसं कळवलं. सुटलेल्या जागाही सांगितल्या, एकेक करून. गोड काही नाही लिहिलं.

३० जानेवारी
सकाळी फोन. आवाज कोरडा.

"गुरुवारी परत स्टुडिओ घेतलाय. पुन्हा गाते. जमलं तर ते, नाहीतर सरळ केलेलंच जाईल. मी ठरवणार, तू नाही."

"ठीक."

"निखिल म्हणतो मावशींनी यायची गरज नाही."

"तू काय म्हणतेस?"

"मी म्हटलं, ती तिचे हेडफोन घेऊन येणार, खुर्ची ठेव."

मी म्हटलं, येते. पण सरळ गंधार बाहेर गेला तर आभारात माझं नाव घालायचं नाही. हे आजच सांगून ठेवते.

फोन ठेवताना म्हणाली, "बघू."