ताटाबाहेरचे पाच घास

बेलापूर, १४ मार्च १९८७

ती. अण्णा,

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून खरं लिहिते.

मे महिन्यात चिपळूणला तुम्ही म्हणालात, "पोरीला दोन दिवस उपाशी ठेव, सगळं खाईल." सासऱ्यांचा शब्द म्हणून मी ऐकलं. माझ्या लेकीचा, केतकीचा, पाणी प्यायचा ठरलेला पेलाही लपवला. तिने दीड दिवस पाणी घेतलं नाही. सलाईन लावावं लागलं. तुम्हाला मात्र 'ताप होता' एवढंच कळवलं.

ती अजून नुसता पांढरा भात खाते. इथले डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती नको, नवा पदार्थ फक्त समोर असू दे. पण ताटात वरणाचा थेंब दिसला तरी ती किंचाळायची. मग तुमच्या चित्राहुती आठवल्या. जेवणाआधी तुम्ही पानाबाहेर देवासाठी घास ठेवता, त्यांना कुणी हात लावत नाही. मीही तिच्या ताटाबाहेर वरणभाताचे पाच इवलेसे घास ठेवू लागले. "हे देवाचं, तुझं नाही." ती शांत जेवायची. बाईने चित्राहुती घातलेल्या बघून तुम्ही पानावरून उठला असता.

तीन महिने झाले. आज दुपारी पाणी घेऊन वळले, तर चारच घास होते आणि तिच्या बोटाला वरण लागलं होतं.

"देवाला नको होता," ती म्हणाली.

हे लिहितानाही तीनदा उठून बघून आले, ओकली तर नाही ना.

अण्णा, देवाचं उष्टं झालं. उद्या मी सहा ठेवणार आहे.

तुमचं यापुढे न ऐकणारी,
वैजयंती