चौकटीत फक्त ओके

जळगाव
३ मार्च २००५

सौ. रत्नाअक्का,

नमस्कार.

वायर डाव्या हातात आहे. आताच ओढून काढली. तरी पडद्यावरची चौकट गेली नाही. खालचं ओके दाबल्याशिवाय ती जात नाही. रोज दाबतो. आज दाबणार नाही, समोर ठेवूनच लिहितो.

इकडे सर्व बरे आहेत. उन्हं तापायला लागली. दिपमालाचा गुडघा दुखतो, पण ती ऐकत नाही, जिने चढते. लग्नसराईमुळे पत्रिकांची अक्षरजुळणी घरीच करतो. त्यासाठी नवा कंप्यूटर घेतला आणि गल्लीतल्या लाइनवर नेटही. अल्तमश नावाच्या माणसाने एका डबीतून अकरा घरांना वायरी दिल्या आहेत. दाजींना दम्याचा त्रास होता, तो आता कसा आहे?

चौकटीबद्दल लिहितो. राखाडी असते. काम चालू असताना मधोमध उभी राहते. वर पाठवणाऱ्या कंप्यूटरचं नाव असतं: एटी-०७. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं असतं.

सांगितलं का?

एवढंच. उत्तर द्यायला जागा नाही. बटण एकच.

सतरा दिवस झाले. दुपारी सव्वा वाजला की येते. फक्त शनिवारी येत नाही.

अक्का, सरळ विचारतो. तुझा पियुष इंजिनिअरिंगला आहे. छापखान्यातला युसूफ म्हणतो, नेटवरून असं कुठूनही कुणालाही पाठवता येतं. म्हणजे धुळ्याहूनही. तुम्ही मायलेकांनी हे चालवलं असेल तर बंद करा. तुला जे विचारायचं होतं ते तू आबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी आमच्या दारात विचारलंस. मी उत्तर दिलं. आजही तेच उत्तर आहे.

सव्वाची वेळ तुला कुणी सांगितली, एवढं मात्र कळव.

ललित

•

जळगाव
११ मार्च २००५

अक्का,

नमस्कार. तुझं कार्ड पोचलं. माझ्याआधी दिपमालाने वाचलं, कार्डाला पाकीट नसतं.

'आमच्या घरी कंप्यूटर नाही. पियुष दोन वर्षांपासून पुण्याला आहे. तुझ्या घरी सगळं बरं आहे ना? कुणाला काय सांगायचं राहिलं आहे?'

चार ओळी. सहा महिन्यांनी लिहिलंस आणि त्यातही माझी चौकशी केलीस. पियुषवर आळ घेतला, तो मागे घेतो. त्याला माझ्या पत्राबद्दल सांगितलं नसशील तर सांगू नकोस. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आज देत नाही.

तुझं कार्ड यायच्या आधी मला आणखी एक संशय आला होता. आबांच्या खोलीत दुपारच्या वेळी मी असायचो, आबा असायचे आणि कधीकधी दिपमाला. म्हणून मंगळवारी सव्वाला चौकट आली तसा मी उठलो आणि आवाज न करता गच्चीवर गेलो. ती उन्हात वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या उलटत होती. मी दाराआडून बघत राहिलो.

"काय बघताय?" तिने मागे न वळता विचारलं.

"काही नाही."

"मग बघताय कशाला? त्या कोपऱ्यातला कावळा हाकला."

मी कावळा हाकलला. खाली येऊन ओके दाबलं.

बुधवारी अल्तमशला बोलावलं. तरुण माणूस आहे, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवतो. त्याने कंट्रोल पॅनेल उघडलं. त्यात सेवांची लांबलचक यादी आहे. कंप्यूटर आपल्याला न विचारता ही सगळी कामं करत बसलेला असतो, हे मला माहीत नव्हतं. यादीत एक मेसेंजर म्हणून आहे. ही चौकट तो आणतो.

"स्टॉप करायचं, मग डिसेबल करायचं. दोन मिनिटांचं काम. करू का भाऊ?"

"आधी पाठवतो कोण ते सांग."

तो हसला. "एटी म्हणजे अल्तमश ट्रेडर्स. नावं मीच दिली आहेत सगळ्यांना. तुम्ही एटी-चार."

"आणि सात?"

"ते वहीत होतं. वही पावसाळ्यात भिजली. पण आपल्याच गल्लीतलं आहे, एवढं पक्कं."

तेव्हापासून मी गल्लीतून चालताना माणसांकडे बघतो. आबा आजारी असताना यातलं प्रत्येक जण भेटायला येऊन गेलं होतं. कुणी पायाशी बसलं, कुणी उशाशी. आबांचा आवाज बारीक झाला होता, पण वाकून बसलेल्याला ऐकू जात असेल. काल दूध घेताना शेजारच्या बेबाबाई म्हणाल्या, "ललितभाऊ, आजकाल बोलत नाही तुम्ही." मी म्हटलं, काम आहे. त्या म्हणाल्या, "कामच असेल." हे त्या कशावरून म्हणाल्या, त्याचा मी दिवसभर विचार केला.

सोमवारी अल्तमश घरोघर जाऊन नंबर बघणार आहे. मीही जाणार. तोपर्यंत मेसेंजर बंद केलेला नाही. दोन मिनिटांचं काम होतं, ते मी त्याला करू दिलं नाही.

दाजींना नमस्कार.

ललित

•

जळगाव
१५ मार्च २००५, दुपार

अक्का,

सात नंबरचं घर प्रेमराजचं निघालं. तू त्याला ओळखत नाहीस. गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शनिवारी बंद असतं. दुकानात एक कंप्यूटर, घरी एक. घरी त्याची बायको सुमनबाई आणि आई ताईबाई. ताईबाईंची खाट फोनला लागून आहे.

आम्ही दारात उभे राहिलो तशी खाटेवरून हाक आली, "कोन उनं वं, सुमन?"

"लाइनवाला उना, आत्याबाई."

अल्तमशने कंप्यूटर बघितला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी विचारायच्या आत सुमनबाईंनी आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. चेहरा उतरला होता.

"हळू बोला. त्यांना काही कळलं का?"

"कुणाला?"

"आत्याबाईंना. आम्ही वेगळं बिऱ्हाड करतोय, सावद्याला. ह्यांनी आईला सांगायचं आहे. दोन महिने झाले, सांगतच नाहीत. फोन करावा तर त्या शेजारी. म्हणून मी जेवायला बोलवायच्या वेळी यावर विचारते. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नाहीत."

"पण मला का विचारता?" मी म्हटलं.

"तुम्हाला?"

अल्तमश खाली बघत होता. "भाभी, दुकानाचा नंबर मला आठवत नव्हता, तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं ना, नावाच्या जागी स्टार टाका, पोचेल."

"पोचतंच की."

"पोचतं. पण स्टार टाकला की सगळ्यांना पोचतं. अकराच्या अकरा घरांना."

सुमनबाई पिठाच्या डब्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "महिना होत आला. कुणीच कसं काही म्हटलं नाही?"

बाहेर आल्यावर मी अल्तमशला विचारलं, "तुझ्या घरीपण लाइन आहे. तुलाही येत असेल."

"येतो ना."

"मग?"

"मला वाटलं आमची अलफिया पाठवते. दुसऱ्या खोलीतून. आमच्याकडे दोन कंप्यूटर आहेत."

"कुणाला काय सांगायचं होतं तू?"

तो चपला घालत होता. एक घातली, दुसरी हातातच राहिली. "ते जाऊ द्या भाऊ," म्हणाला.

बेबाबाईंकडेही लाइन आहे. बाकीच्या घरांमध्येही. सगळ्यांनी ओके दाबलं असेल.

आता तुझ्या कार्डाचं उत्तर.

आबांना मी सव्वाला पेज भरवायचो. मग कूस बदलायची, पाठ पुसायची. श्रावण लागला त्या दिवशी कूस बदलताना ते म्हणाले, "रत्नाले बलाव." तू कोर्टात जाऊन लग्न केलंस त्याला बावीस वर्षं झाली होती, आणि त्या बावीस वर्षांत तुझं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्यांनी विचारलं, "तिले सांगं का?"

"सांगं, आबा."

"मंग?"

"येत नही म्हने."

ते भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, जसं काही मी बोललोच नव्हतो. "तिले सांगं का?" असं एकोणीस दिवस. मी एकोणीस दिवस तेच उत्तर दिलं. विसाव्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

मी तुला सांगितलं नव्हतं. एकदाही नाही. धुळ्याचा फोन लागत नव्हता असं नाही. मी लावलाच नाही.

कारण विचारशील. अकरा महिने मी त्यांना उचलून बसवत होतो. तू आली असतीस तर ते आपणहून उठून बसले असते. मला ते बघायचं नव्हतं. यापेक्षा चांगलं कारण मी शोधलं, मिळालं नाही.

आबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुला दुसऱ्याच कुणाकडून कळलं आणि तू आलीस. ओट्याच्या खालीच थांबलीस. विचारलंस, "मला का कळवलं नाही?" मी म्हटलं, "आबांनी नको म्हटलं होतं." तू पाणीसुद्धा न घेता परत गेलीस.

आबांनी नको म्हटलं नव्हतं.

आबांच्या दिवसांच्या शेवटी गंधमुक्तीची पत्रिका मीच जुळवली. कै. रुपचंद, त्याखाली मुलगा, सून. मुलगी ही ओळही टाइप केली होती, तुझं नाव टाकलं होतं. मग काढलं. दिपमाला पाठीमागे उभी होती. तिने बघितलं. ती तेव्हा काही बोलली नाही, नंतरही नाही. मी तिच्यावर संशय घेतला तो काही उगीच नव्हता. तिच्याकडे विचारण्यासारखं होतं.

अल्तमशने काल माझा मेसेंजर बंद करून दिला. सुमनबाईंना दुकानाचा नंबर लिहून दिला. आज सव्वाला मी कंप्यूटरसमोर बसलो होतो. काही आलं नाही. दीडपर्यंत बसलो.

माफ कर असं लिहीत नाही. ते कागदावर लिहून पाठवायचं नसतं.

सांगितलं, अक्का.

ललित

१६ मार्च, सकाळ

पेटीत टाकायला निघालो, पण पेटीवरून पुढे स्थानकावर आलो. येताना ताईबाई ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोठे चालना?" म्हटलं, धुळ्याला. प्रेमराजने त्यांना अजून सांगितलेलं नाही. दिपमालाने काही न विचारता बिबड्यांचा डबा दिला आहे, तोच मांडीवर ठेवून हे लिहितो. साडेसातची धुळे गाडी लागली आहे. पारोळ्यापर्यंत तरी बसायला जागा आहे.